दातांच्या डॉक्टरचा अंगठा

दातांच्या डॉक्टरला स्वतःचा अंगठा दुखतो हे सांगायची चोरी असते. गुडघा दुखतो म्हणा, पित्त झालंय म्हणा, लोक हळहळतात, एखादा घरगुती उपाय सुचवतात आणि दाढ दाखवायला तोंड उघडतात. अंगठा दुखतो म्हणून बघा एकदा. उघडलेलं तोंड तिथल्या तिथं मिटतं, आणि पेशंट म्हणतो, "तसं आता काही विशेष ठणकत नाही, पुढच्या आठवड्यात येतो." तो पुढचा आठवडा मग दुसऱ्याच दवाखान्यात उजाडतो.

औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. जिना इतका अरुंद की सुजलेला गाल भिंतीच्या बाजूला येणार नाही असं बघून चढावं लागतं. खाली गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून पेशंट वर येतो तोच जगावर चिडून. अशा माणसाला खुर्चीत आडवं करून त्याच्या तोंडात धारदार हत्यार घालायचं, आणि त्यानं चावू नये इतपत त्याला खूश ठेवायचं, हा माझा आयुष्यभराचा धंदा. मी तो आवडीनं केला. आमचे हे म्हणतात की मी घरी बोलण्यापेक्षा न बोलू शकणाऱ्या माणसांशी जास्त बोलले.

बाहेरच्या माणसाला वाटतं की हल्ली सगळं मशीनच करते. मशीन आहेतच. पण दातांवर साचून साचून दगड झालेला थर, ज्याला आपण कीटण म्हणतो, तो हिरडीच्या आत मुळापर्यंत उतरलेला असतो, आणि तिथलं शेवटचं काम हातानंच करावं लागतं. त्यासाठी एक पोलादी हत्यार असतं. पेन्सिलीहून बारीक दांडी आणि टोकाला आकड्यासारखं वळलेलं पातं. आत डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटांना कळतं. तांदूळ निवडताना नजर टीव्हीकडे असली तरी खडा बोटाला बरोबर लागतो ना, तसंच. पण तांदूळ पाव तासात निवडून होतात. आम्ही ती गुळगुळीत काडी चिमटीत धरून अख्खी हयात खरवडत बसतो. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कधी आग लागली ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण पहिले काही महिने मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

याला जबाबदार काझी सर. म्हणजे दोष त्यांचा नाही, पण नाव त्यांचंच घ्यावं लागेल. आमच्या डेंटल कॉलेजात त्यांनी आम्हाला हत्यार धरायला शिकवलं. पांढराशुभ्र कोट, अत्तराचा मंद वास, आणि जुन्या शहरातल्या खानदानी घरातली ती अदब. आम्ही प्रॅक्टिकलला बसलो की ते मागून आवाज न करता यायचे आणि आमच्या चिमटीतलं हत्यार हळूच वर ओढायचे. सहज निघून आलं तर "माशाल्लाह" म्हणायचे. नाही निघालं तर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारायचे, "बेटा, दात साफ करताय की किल्ला राखताय?" हत्यार बारीक असावं, पकड हलकी असावी आणि डॉक्टरनं कुरकुर करू नये, हे त्यांचे तीन नियम. पहिले दोन आम्ही जमेल तसे पाळले. तिसरा मात्र सगळ्यांनी इतका निष्ठेनं पाळला की या शहरात दातांचा एकही डॉक्टर कधी दुखण्याबद्दल बोलला नाही.

माझी मजल अशी वाढत गेली. आधी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. लोकांना वाटलं थंडी वाजतेय. मग दवाखान्याचं कुलूप शोभा लावायला लागली. शोभा म्हणजे माझी मदतनीस, मला कळायच्या आत तिला सगळं कळतं आणि ती ते खालच्या साडीवाल्यापर्यंत पोचवते. पण एवढी एक गोष्ट मात्र तिनं पोटात ठेवली. मग दाढ काढायची कामं मी "तुमची दाढ अवघड आहे हो" असं सांगून दुसरीकडे पाठवायला लागले. पेशंटला आपली दाढ अवघड आहे याचा अभिमान वाटायचा आणि माझी सुटका व्हायची. हाडांच्या डॉक्टरांना गुपचूप दाखवून आले. ते म्हणाले, "अंगठ्याला विश्रांती द्या." मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "कायमची."

त्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं की यंदाची दिवाळी झाली की पाटी उतरवायची. हे नुसती भाजी वाढत राहिले. ह्यांनी तेव्हा वाद घातला असता तर बरं झालं असतं. पडेगावात नवं घर घेतलेलं एक तरुण डॉक्टर जोडपं माझी जागा बघून गेलं. मुलगी हुशार होती, खुर्चीवरून हात फिरवून म्हणाली, "किती जपलीये मॅडम." ती गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन रडले. हे इथं लिहायला मला लाज वाटत नाही, कारण ज्यांनी धंद्याला हात दिलाय त्यांना ते समजेल.

पण पाटी उतरवायची ठरवूनही मन काही केल्या मानेना. कुठंतरी वाचलं होतं की दांडी जाड असली की चिमटीवरचा ताण कमी होतो. वाचल्या वाचल्या मी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले आणि क्रिकेटच्या बॅटीला लावतात त्या रबरी ग्रिपा घेऊन आले. घरी बसून कापल्या, माझ्या लाडक्या हत्यारांना चिकटपट्टीनं गुंडाळल्या. काय सुंदर पकड आली! बोटं अशी विसावली की मी तिथंच स्वतःची पाठ थोपटली.

आता माझी हुशारी ऐका. आमच्याकडे एक ऑटोक्लेव्ह असतो. तो म्हणजे आमचा प्रेशर कुकर. प्रत्येक पेशंटनंतर हत्यारं धुऊन त्यात कडक वाफेवर शिजवायची, म्हणजे जंतू मरतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हा विषय मी स्वतः नव्या मुलींना शिकवलेला आहे. तरीही ग्रिप गुंडाळलेली हत्यारं शोभाच्या हातात देताना माझ्या डोक्यात फक्त अंगठा होता. शोभानं एकदा हत्यारांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि "तुम्ही म्हणता तर लावते" म्हणत झाकण बंद केलं.

खुर्चीत तेव्हा रावसाहेब होते. हे लासूर स्टेशनचे आडत व्यापारी, माझे सर्वांत जुने पेशंट. तंबाखू सुटलेली, पण तिनं जाता जाता आपलं सगळं सामान दातांवर ठेवून दिलेलं. त्यांच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलंय. माझ्याकडचं कीटण काढायचं मशीन जुन्या पद्धतीचं. तसलं मशीन त्यांना वापरू नका असं त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. म्हणून त्यांचं सगळं काम हातानं. मी नुकतीच सुरुवात केली होती, तोच रावसाहेबांनी नाक फेंदारलं आणि तोंडातला आरसा बाजूला करून म्हणाले, "डाक्टरीनबाई, कायतरी करपलं जनू."

"काही नाही, खाली कुणीतरी..." मी म्हणेपर्यंत ऑटोक्लेव्हमधून काळपट वाफ आणि जळक्या टायरचा वास यायला लागला. जिन्यातून साडीवाला धावत वर आला, त्याच्यामागं दोन गिऱ्हाईक बायका, एकीच्या खांद्यावर न घेतलेली पैठणी तशीच. "आग! आग!" करत सगळे आत घुसले. रावसाहेब गळ्यात कागदी बिब बांधलेल्या अवस्थेत खुर्चीतून उतरले आणि छातीवर हात ठेवून मला म्हणाले, "तुम्ही आधी भाईर व्हा, मी मागनं येतो." एवढा सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही.

झाकण उघडलं तर आतलं रबर वितळून सगळी हत्यारं एकमेकांना चिकटली होती. शोभानं तो गोळा चिमट्यानं उचलून माझ्यासमोर धरला. ती काही बोलली असती तर मी तिला ओरडू शकले असते.

या प्रकारानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या शहरातल्या दातांच्या डॉक्टरांची मासिक बैठक होती. या बैठकीत एक भाषण होतं, ते कुणी ऐकत नाही, आणि मग जेवण होतं, त्याला सगळे थांबतात. त्या दिवशी पुण्याहून एका कंपनीचा प्रतिनिधी आला होता. नवा कोट, नवी दाढी, आणि पेटीत रांगेनं मांडलेली नवी हत्यारं. दांड्या जाड, आतून पोकळ म्हणून हलक्या, वर मऊसर सिलिकॉनचं आवरण, रंग पिवळे, हिरवे, जांभळे. हाताला, मनगटाला, खांद्याला त्रास कमी व्हावा म्हणून केलेली ही रचना, असं तो म्हणाला. मग त्यानं उत्साहानं विचारलं, "इथं ज्या डॉक्टरांना हाताचा, मानेचा किंवा खांद्याचा त्रास आहे, त्यांनी कृपया हात वर करावेत."

हॉल भरलेला होता. सगळे समोर बघत होते. माझ्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत होता आणि मी पंख्याकडे बघत होते. मागून एक हात वर गेला. प्रतिनिधीचा चेहरा उजळला.

"एसी थोडा कमी करा," मागचा हात म्हणाला.

पहिल्या रांगेत काझी सर बसले होते. निवृत्त झाले तरी सराफ्याजवळच्या दवाखान्यात रोज बसतात आणि आमच्या सगळ्या बैठकांचे कायमचे अध्यक्ष आहेत. ते उठून त्या मुलाला अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "बरखुरदार, नजाकत बोटांत असते, दांडीत नसते. आमच्या मुलांचे हात दुखत नाहीत. मी शिकवलंय त्यांना." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, आणि अंगठ्यातून कळ निघून कोपरापर्यंत गेली.

मुलगा बिचारा हार मानणारा नव्हता. त्यानं प्रत्येकाला एक संच वापरून बघायला दिला आणि सांगितलं की पुढच्या बैठकीत मी अभिप्राय घ्यायला येईन. तुम्ही सांगाल तसे बदल कंपनी करेल, असंही म्हणाला. आम्ही संच असे घेतले जणू त्याच्यावर उपकार करतोय. माझ्या शेजारी गणेश वाघ बसला होता, माझा कॉलेजातला सोबती. गंगापूरकडच्या खेड्यातला, धिप्पाड, पंजा एवढा मोठा की पेशंट आधी त्याच्या हाताकडे आणि मग दाराकडे बघतो. त्यानं कानाशी येऊन विचारलं, "सुलभा, तुझा हात दुखतो का गं?"

"छे," मी म्हटलं. "तुझा?"

"माझा कशाला दुखंल?" वाघ म्हणाला आणि पेटी डाव्या हातानं उचलली.

दवाखान्यात मी ती हत्यारं ट्रेमध्ये मांडली तेव्हा शोभा म्हणाली, "अय्या, बालवाडीचे खडू." पण रावसाहेबांचं राहिलेलं काम होतं, ते परत आले होते, आणि मी सवयीनं उरलेल्यांतली जुनी बारीक दांडीच उचलली. खालचे पुढचे दात, आतली बाजू, तिथं कीटण असं बसलेलं की सिमेंटनं हेवा करावा. तीन-चार ओढी मारल्या आणि अंगठ्यानं राजीनामा दिला. बोटं उघडली गेली आणि हत्यार रावसाहेबांच्या बिबवर पडलं. आजवर माझ्या हातून पेशंटच्या अंगावर कधी काही पडलं नव्हतं. मी घाबरून आधी त्यांची हनुवटी बघितली.

"निसटलं," मी म्हटलं.

"आसू द्या," रावसाहेब म्हणाले. "लागलं नाय."

मग मी पिवळी दांडी घेतली. रावसाहेबांनी डोळे फिरवून बघितलं. "ह्ये काय आनलं? नातवाचा ब्रश हाय का काय?"

"नवीन आहे. तोंड उघडा."

खरं सांगते, बोटं त्या जाड दांडीवर पडली आणि खांद्यातून कुणीतरी ओझं उतरवल्यासारखं झालं. मी न थांबता खालची अख्खी रांग पूर्ण केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काम करताना माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे नव्हतं, रावसाहेबांच्या दातांकडे होतं. पण दुसरीही गोष्ट खरी आहे. त्या मऊ आवरणातून बोटांना पहिल्यासारखं कळत नव्हतं. सगळं साफ झालं म्हणून मी जुन्या बारीक हत्यारानं एकदा तपासलं, तर मागच्या दाढेच्या मुळाशी एक कण राहिलेला होता. जाड दांडीनं तो मला सांगितलाच नाही. म्हणजे ओढायला नवं आणि चाचपायला जुनं, असा दोघांचा संसार लावावा लागणार होता. शिवाय संचातली सर्वांत जाड दांडी माझ्या हाताला फारच मोठी. ती धरली की अंगठा इतका ताणला जाई की नवीनच ठिकाणी दुखे. ज्यानं ती बनवली त्यानं वाघसारख्याचा पंजा समोर ठेवला असणार. बायकांचे हात त्याच्या हिशेबात नसावेत. शोभाची तक्रार वेगळीच होती. त्या आवरणावर पकडीसाठी खाचा पाडल्या होत्या, आणि त्या खाचांत अडकलेलं घासून काढताना तिचा जीव जायचा. "तुमचा अंगठा वाचला, माझा गेला," ती म्हणाली.

हे सगळं मला पुढच्या बैठकीत सांगायचं होतं. लहान हातांसाठी मधल्या जाडीची, कमी खाचांची दांडी त्यांनी केली तर कदाचित पाटी उतरवावी लागणार नव्हती, एवढी माझी गरज होती. पण सांगायचं तर आधी अंगठा दुखतो हे सांगावं लागणार होतं. तेही काझी सरांच्या समोर.

बैठक सुरू झाली. प्रतिनिधी वही उघडून बसला. एकजण म्हणाला, रंग पोरकट आहेत, पेशंट हसतात. दुसरा म्हणाला, चांगलं आहे, तेवढंच पेशंट हसतात. एका बाईंनी दांडी जाड असल्यानं मागच्या दाढेकडे जाताना गालात अडकते असं सांगितलं, ते अगदी बरोबर होतं. एका तरुणानं विचारलं की पाठीसाठी असं काही निघालंय का. सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे बघितलं, तसा तो "म्हणजे माझ्या मित्रासाठी" म्हणाला. वाघ उठला. "दांडी लई ब्येस हाय," तो म्हणाला. "पण मला काय त्रास नाय, म्हणून फरक सांगता येत नाय." माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, सरांकडे बघितलं, "ठीक आहेत" म्हटलं आणि बसले. बसल्यावर स्वतःचाच असा राग आला की विचारू नका.

सरांनी समारोप केला. माणसानं हत्याराशी जुळवून घ्यावं, हत्यारानं माणसाशी नव्हे, असं ते म्हणाले. ते छान बोलतात. खोटं असलं तरी छान वाटतं.

मग जेवण. नान-खलिया मागवली होती. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, आणि नान म्हणजे हॉटेलात मिळते ती पातळ नान नव्हे. ही आमची जाडजूड, भट्टीतली, हळदीच्या रंगाची नान. गरम असताना लुसलुशीत, आणि भाषणं लांबली की चामड्यासारखी. त्या दिवशी सर्वांना अभिप्राय द्यायचे होते, त्यामुळे नान चांगलीच गार झाली होती. ती तोडायला चिमूट लागते आणि अंगठा लागतो.

माझ्या समोरच्या टेबलावर बघितलं आणि मला हसू आवरेना. एवढे सगळे नावाजलेले डॉक्टर, आणि एकाच्यानंही नान तुटत नव्हती. कुणी डाव्या हातानं ओढत होतं. कुणी ताटाच्या काठावर दाबून चिरत होतं. गालात दांडी अडकते म्हणणाऱ्या बाई नानेवर कोपर ठेवून बसल्या होत्या. पाठीचा मित्र असलेला तरुण सरळ चावून तोडत होता. वाघनं पाण्याची बाटली घेतली, झाकण फिरवून बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि दातांनी उघडली. दातांचा डॉक्टर, दातांच्या डॉक्टरांनी भरलेल्या हॉलमध्ये. सगळे आपापल्या नानेशी झुंजत होते.

मग माझी नजर काझी सरांकडे गेली. सरांच्या ताटात नान नव्हती. नुसता खलियाचा रस्सा, आणि ते वाढप्याला खुणेनं चमचा मागत होते. जुन्या शहरात वाढलेला हा माणूस. लग्नाकार्यात त्यांच्या घरची नान खाऊन आम्ही मोठे झालो. खलिया चमच्यानं खाणाऱ्याला ते एकेकाळी पंगतीतून उठवायचे.

वाघनंही बघितलं. त्याचं तोंड थांबलं असतं तर तो वाघ कसला! "सर, आज चमच्यानं?" तो मोठ्यानं म्हणाला. "पेशंट हाय का काय आज तुम्ही?"

आसपासचे सगळे वळले. सरांचा हात तिथंच थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधीच न पाहिलेलं काहीतरी आलं; विद्यार्थ्याचं हत्यार मागून ओढल्यावर निघालं नाही की त्याच्या चेहऱ्यावर यायचं, ते. त्यांची बोटं, जी आम्हाला देवाघरची वाटायची, ताटाच्या कडेला अर्धवट मिटलेली होती. मला ते बघवेना.

"वाघ, मलाही चमचा दे," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "माझा अंगठा दोन वर्षांपासून कामातून गेलाय. नान तुटत नाही माझ्यानं. हत्यारही धरवत नाही."

मला वाटलं, आता संपलं. उद्या सकाळपर्यंत सबंध औरंगपुऱ्याला कळणार.

वाघनं हातातली बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मग मलाबी आन की एक. माझं मनगाट तर रातीला झोपू देत नाय गं." कोपरवाल्या बाई म्हणाल्या, "इकडेही एक." पाठीचा मित्र म्हणाला, "मला चमचा नको, पण उशी असली तर द्या." त्यानंतर जो काही चमच्यांचा पुकारा झाला तो काय सांगावा. वाढपी धावत होते, स्वयंपाकघरातले चमचे कमी पडले, मग पळ्या आल्या, शेवटी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आल्या. प्रतिनिधी खुर्चीवर उभा राहून "सर, मॅडम, एकेक करून" असं ओरडत लिहीत सुटला. मी त्याला माझी मधल्या जाडीची दांडी, कमी खाचा, लहान हात, सगळं तोंडात घास असतानाच सांगितलं. वाघला तर पाटी उतरवायचंही सांगून बसले. काझी सरांनी मात्र चमच्यानं खलिया संपवली, रुमालानं ओठ टिपले आणि गाडीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडते तर सर जिन्यात उभे. शोभाची धांदल उडाली. "चहा नको," सर म्हणाले. "ती पिवळी दांडी कुठंय? माझा संच मी न उघडता परत केला. लोकांसमोर उघडायची हिंमत झाली नाही." ते खुर्चीजवळच्या स्टुलावर बसले. "सुलभा बेटा, मी स्वतः हात लावून किती दिवस झालेत ठाऊक आहे? सगळं मुलगा बघतो. मी फक्त पेशंटशी गप्पा मारतो आणि ते समजतात की काझी साहेबांनी केलं."

मी हत्यारं पुढं केली. त्यांनी वाफवलेली आहेत ना ते विचारलं. मी हो म्हटलं, आणि शोभा तोंडाला पदर लावून आत पळाली. सरांनी एकेक दांडी चिमटीत धरून बघितली आणि मधली पसंत केली. मग हातमोजे चढवले आणि खुर्चीकडे बोट केलं. "बस."

"मी?"

"मग कुणावर बघू? बस."

मी माझ्याच खुर्चीत आडवी झाले. इतक्या वर्षांत तिच्यावरून छत कसं दिसतं ते मला माहीतच नव्हतं; एका कोपऱ्यात जाळं होतं. सरांनी खालचे दात आतून चाचपले आणि थांबले. "हे काय? डॉक्टर असून? कुणाला दाखवतेस की नाही?" मला काय बोलता येणार! आम्हाला कोण दाखवणार, आम्ही एकमेकांच्या तोंडात कधी बघतो? त्यांनी पातं लावलं आणि पहिली ओढ मारली. दोन बोटांवर तोललेली, दुखरी पण ठाम, जुनीच ओढ. दुसरी. तिसरी. हात जराही अडखळला नाही. दिव्याच्या उजेडात मला त्यांचे डोळे मास्कच्या वर दिसत होते, आणि ते ओले झाले होते. माझेही झाले, पण आडवी असल्यामुळे पाणी कानात गेलं.

"वाघ रात्री फोनवर म्हणत होता," सर काम न थांबवता म्हणाले, "दिवाळीनंतर तू पाटी उतरवणार आहेस. खरं का?"

पातं माझ्या हिरडीच्या आत होतं. मी काहीतरी सांगायला मान वळवायला गेले.

"मान हलवायची नाही," सर म्हणाले. "लागेल."

मी निश्चल पडून राहिले.

"शाब्बास," सर म्हणाले. "मान हलली नाही, म्हणजे उतरवत नाहीस. आता उजवी बाजू."